समुद्रातल्या पवनचक्क्या अन् देशादेशांतली वायर: हे सुरू कुठून झालं

भूम, वाशी, पाटोद्याकडं बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून गावोगावी एक प्रश्न ऐकू येतो, चक्की आपल्या रानात फिरती मग मोटारीला रात्रीचीच लाइट का? चक्कीची वीज थेट गावात उतरत नाही, ती ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या लाइनींच्या मोठ्या जाळ्यात जाते अन् कुणाला कधी किती हे पुढं ठरतं. युरोपात हाच झगडा देशादेशांत झालाय, म्हणून तिकडचा इतिहास आपण नीट बघायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी चक्क्या आल्या मग केबल, असं बऱ्याच जणांना वाटतं. झालं उलटं. 1954 ला स्वीडननं गोटलंड बेटापर्यंत समुद्राखालून जवळपास 100 किमीची डीसी (एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेची) केबल टाकली, फक्त 20 मेगावॅटची. डीसी कशासाठी, तर समुद्राखालच्या लांब केबलमध्ये एसी (दिशा सारखी बदलणारी, घरात येते ती वीज) घातली की केबल स्वतःच चार्ज होण्यात करंट खाते अन् पुढं पोचायला जागाच उरत नाही. 1961 ला इंग्लंड-फ्रान्स जोडले, 1976-77 ला नॉर्वे-डेन्मार्क. समुद्रातला पहिला विंड फार्म, म्हणजे चक्क्यांचा ताफा, अजून जन्मायचा होता! तो आला 1991 ला, डेन्मार्कच्या विंडेबीला, 11 चक्क्या मिळून जेमतेम 5 मेगावॅट.

नॉर्वेकडं धरणं, डेन्मार्ककडं कोळसा, म्हणून ती लाइन टाकलेली. पुढं डेन्मार्कात वारा वाढला तेव्हा तीच लाइन कामाला आली. वारा जोरात असला की डेन्मार्कची वीज नॉर्वेत जाते, नॉर्वे धरणाचं पाणी राखून ठेवतो, वारा पडला की पाणी सोडून वीज परत पाठवतो. 1996 ला नॉर्वे-स्वीडनचा एकत्र वीजबाजार झाला, मग डेन्मार्क-फिनलंडही त्यात आले.

पण या केबल एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाणाऱ्या, अन् चक्क्यांची केबल वेगळी, ती आपल्याच देशात येणारी. दोन्ही कामं एकाच केबलनं का करू नयेत? 2010 ला उत्तर समुद्राकाठच्या 10 देशांनी यावर करारही केला, तरी प्रत्यक्षात उतरायला 2020 उजाडलं, अन् तेही उत्तर समुद्रात नाही, बाल्टिक समुद्रात. डेन्मार्कचं क्रीगर्स फ्लाक अन् जर्मनीचं बाल्टिक 2 ही दोन विंड फार्म एकमेकांपासून 30 किमीच्या आत, त्यांच्यामध्ये केबल टाकली अन् दोन देश 400 मेगावॅटनं जोडले गेले. स्वीडनही यात येणार होता, तो आधीच बाहेर पडला. पूर्व डेन्मार्क अन् जर्मनी दोन्हीकडं वीज सेकंदाला 50 वेळाच (50 हर्ट्झ) हेलकावते, पण ग्रिड वेगळे, ताल जुळत नाही, म्हणून जर्मनीत रोस्टॉकजवळ बेंटविशला कन्व्हर्टर (एका तालाची वीज दुसऱ्या तालात बदलणारं यंत्र) बसवावा लागला. वारा नसला की रिकामी पडणारी केबल आता व्यापाराला वापरता येते, मला तरी या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

भांडण मात्र पैशाचं. केबलचा खर्च कुणी करायचा, समुद्रातल्या विजेला कोणत्या देशाचा भाव लावायचा? 2021 ला नॉर्वेतून जर्मनी अन् इंग्लंडला प्रत्येकी 1400 मेगावॅटच्या केबल चालू झाल्या, त्याच सुमारास युरोपात गॅस महागला अन् दक्षिण नॉर्वेत विजेचे भाव चढले, लोकांनी केबलला दोष दिला. वीज आमच्या पाण्याची अन् बिलही आम्हालाच जास्त का, हा त्यांचा राग मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. तरी 2023 ला बेल्जियमच्या ऑस्टेंडमध्ये 9 देशांनी 2050 पर्यंत समुद्रातल्या चक्क्यांचं 300 गिगावॅटचं (3 लाख मेगावॅटचं) टार्गेट ठेवलं.

आपल्याकडं दक्षिण ग्रिड बाकी देशाशी एकाच तालात जोडला गेला तो 31 डिसेंबर 2013 ला, रायचूर-सोलापूर लाइननं, म्हणजे धाराशिवच्या अगदी शेजारून. समुद्रातल्या विजेसाठी 2024 ला केंद्रानं 7453 कोटी मंजूर केले, त्यातून गुजरात अन् तामिळनाडूत 500-500 मेगावॅट उभं करायचं ठरलं. श्रीलंकेशी लाइन जोडायची चर्चाही जुनी आहे, पण श्रीलंकेतल्या मन्नारला अन् तामिळनाडूला एकाच मान्सूनचा वारा लागतो. नेपाळ-भूतानच्या नद्याही पावसाळ्यातच भरून वाहतात, अन् तिकडचे बरेचसे प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे, नॉर्वेसारखं पाणी महिनोन्‌महिने साठवणारे नाहीत. मग आपला वारा पडल्यावर वीज परत देणारा शेजारी कोणता, हे आधी ठरवायला लागंल, केबल त्यानंतर.