दगडी कोळसा म्हणजे वणव्यात जळालेले जंगल नव्हे

‘प्राचीन वणव्यांत जळून गाडले गेलेले जंगल म्हणजे दगडी कोळसा’ असा समज दीर्घकाळ प्रचलित आहे, आणि लाकडी कोळशाशी असलेले साम्य पाहता तो स्वाभाविकही आहे. मात्र लाकडाचा कोळसा होताना त्यातील बहुतेक बाष्पनशील द्रव्ये (तापवल्यावर वायुरूपात बाहेर पडणारे घटक) निघून जातात. चंद्रपूरचा दगडी कोळसा बंद नळीत तापवल्यास ज्वलनशील वायू आणि डांबर बाहेर पडते, म्हणजे ती द्रव्ये त्यात टिकून असतात. दलदलीच्या पाण्याखाली प्राणवायूअभावी वनस्पती पूर्ण कुजल्या नाहीत आणि पुढे दाब व उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. काही थरांत वणव्याच्या खऱ्या खुणाही सापडतात, पण त्या बोटांना काळे लावणाऱ्या ठिसूळ पट्ट्यांपुरत्याच.

ती दलदल कशी होती, हे गंधक सांगते, आणि मला हा पुरावा सर्वांत बोलका वाटतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट (गंधकयुक्त क्षारांचा घटक) मुबलक असते. जिवाणू त्याचे हायड्रोजन सल्फाइड करतात आणि ते लोहाशी व वनस्पतिद्रव्याशी संयोग पावून कोळशात अडकते. गोड्या पाण्यातील गोंडवन कोळशात (चंद्रपूरसह द्वीपकल्पीय भारतातील प्राचीन खडकांतील कोळशात) गंधक बहुधा १ टक्क्याहून कमी असते, तर सागरी प्रभाव लाभलेल्या आसामच्या माकुम क्षेत्रातील कोळशात ते अनेकदा २ टक्क्यांहून अधिक आढळते. कोळशाच्या रासायनिक विश्लेषणात बाष्पनशील द्रव्य आणि गंधक यांचे आकडे पाहून ही पडताळणी करता येते.