दूध पितंय, पण अंगी लागत नाही

बार्शी असो की अक्कलकोट, अंगणवाडीच्या काट्यावर तान्हं लेकरू महिनाभर तिथल्या तिथेच राहिलं, की घरात पहिला संशय आईच्या दुधावर. मग दृष्ट काढायची, पाणी घातलेलं गाईचं दूध सुरू करायचं. दूध पिताना बाळाच्या कपाळाला घाम येतो का, हे मात्र फारसं कुणी बघत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात घाम सगळ्यांनाच येतो म्हणा. पण पंख्याखाली, चार घोट घेताच डोकं भिजत असेल, बाळ थांबून धापा टाकत असेल आणि एकेक पाजणं अर्ध्या तासापुढे जात असेल, तर हृदय तपासून घ्यावं.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असलं, तरी जन्मतः बाळ ठणठणीत दिसू शकतं. त्या वेळी फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दाब जास्त असतो. तो उतरतो 4 ते 8 आठवड्यांत, म्हणजे बाळंतिणीचा सव्वा महिना संपण्याच्या सुमारास. मग शुद्ध झालेलं रक्त छिद्रातून पुन्हा फुप्फुसांकडे वळतं. हृदय जास्त राबतं, श्वास वाढतो, आणि पोटात गेलेली ऊर्जा वाढीला उरतच नाही. आधी वजन अडतं, नंतर लांबी, सगळ्यात शेवटी डोक्याचा घेर.

हिशोब करून बघा. 3 किलोच्या निरोगी बाळाला दिवसाला सुमारे 300 कॅलरी पुरतात; 100 मिली आईच्या दुधात 67च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे 450 मिली दूध झालं. छिद्रवाल्या बाळाला किलोमागे 120 ते 150 कॅलरी लागतात, म्हणजे 540 ते 670 मिली. पण दमून ते पितं 350. शिवाय जास्त पाणी हृदयाला झेपत नाही. त्यामुळे दूध वाढवण्यापेक्षा दुधातली ऊर्जा वाढवावी लागते.

पहिला उपाय फुकटचा आहे. सुरुवातीचं पातळ दूध वेगळं काढून ठेवायचं आणि नंतरचं स्निग्ध दूध आधी द्यायचं. अंगावर पाजणं 20 ते 30 मिनिटांत आवरायचं. उरलेलं काढून वाटी-चमच्याने, डोकं उंच धरून. तेही जमेना तर डॉक्टर नाकातून नळी घालतात. नळीला घरचे घाबरतात, पण चोखण्यात जाणारी ताकद ती वाचवते. कधी काढलेल्या दुधात खाण्याचं खोबरेल तेलही घालायला सांगतात. 1 मिलीमागे सुमारे 8 कॅलरी मिळतात. प्रमाण मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं: जास्त झालं तर जुलाब लागतात, आणि दर वेळी नीट ढवळलं नाही तर तेल वर तरंगतं.

वजन त्याच काट्यावर, त्याच वेळी, कपड्यांशिवाय आणि पाजण्याआधी करावं. पहिल्या तीन महिन्यांत रोज 20 ते 30 ग्रॅम वाढ अपेक्षित असते. एका दिवसात 150-200 ग्रॅम वाढलं तर पेढे वाटू नका! पापण्या सुजल्या असतील, श्वास वाढला असेल, तर ते अंगात साठलेलं पाणी असू शकतं.

‘वजन वाढलं की ऑपरेशन करू’ हे वाक्य घरोघर ऐकू येतं. मोठ्या छिद्राच्या बाबतीत ते उलटं आहे. छिद्र बुजेपर्यंत वजन नीट वाढतच नाही. थांबत राहिलं तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड होतात आणि पुढे ऑपरेशनही शक्य राहत नाही. वर्षभर धापा टाकणारं मूल उपचारांशिवाय अचानक शांत झालं, तर छिद्र बुजलंच असं समजू नये. फुप्फुसातला दाब वाढल्यानेही तसं होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013पासून अंगणवाड्यांत मुलं तपासतात. कार्ड घेऊन त्यांना किंवा ‘सिव्हिल’मधल्या बालरोग विभागाला गाठावं.

हृदयदोषामुळे ओठ-नखं निळसर पडणाऱ्या मुलांचं वेगळं. हिमोग्लोबिन 14, म्हणजे वरवर चांगलं दिसलं तरी त्यांना लोह कमी पडत असू शकतं, आणि उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी आटलं तर दाट रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना.

सहा महिन्यांनंतर मऊ खिचडीत तुपाचा चमचा आणि बारीक वाटलेला शेंगदाण्याचा कूट घालावा. 10 ग्रॅम कुटात सुमारे 55 कॅलरी आणि अडीच ग्रॅम प्रथिनं मिळतात. अख्खा दाणा कधीच नको, घशात अडकतो. आपली शेंगाचटणीही नको. तिच्यातल्या मिठाने अंगात पाणी साठतं.