दोन बाजूंचा बोर्ड आणि पेटीची पिन

घरी बनवलेल्या माझ्या पहिल्या दोन बाजूंच्या सर्किट बोर्डावर वरून पाडलेलं भोक खाली पॅडची, म्हणजे भोकाभोवतीच्या तांब्याच्या ठिपक्याची, कड खाऊन शेजारच्या ट्रॅकला, तांब्याच्या रेघेला, भिडलं. दोन्ही बाजूंची आर्टवर्क, म्हणजे लेझर प्रिंटरनं कागदावर छापलेली, इस्त्रीनं तांब्यावर उतरवायची ट्रॅकची चित्रं, ट्यूबलाइटसमोर धरून, डोळ्यांत तेल घालून जुळवली होती.

हिशेब मांडला तेव्हा कळलं. पॅड १.६ मिमीचं, भोक ०.८ मिमीचं, भोकाभोवती तांबं उरतं जेमतेम ०.४ मिमी. कागद एका कोपऱ्यात नेमका बसला, पण एका अंशानं फिरला, तर १०० मिमीवरच्या दुसऱ्या टोकाला तो पावणेदोन मिमी सरकतो. शिवाय दोन कागदांचं पाकीट करून आत बोर्ड सरकवला, की बोर्डाची १.६ मिमी जाडी चिकटवलेल्या कडेशी कागद ओढते. तिथं त्याच जाडीची टाकाऊ पट्टी मध्ये घालून कागद तिला चिकटवले, तर तेवढी ओढ टळते.

मामा बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे ओतकामाचे साचे करायला होते. बोर्ड बघून म्हणाले, “दोन पेट्या डोळ्यानं जुळतात काय रे? पिन घाल की!”

साच्याची वरची पेटी खालच्या पेटीवर पिनांनीच बसते, नाहीतर कास्टिंगच्या मधोमध पायरी पडते. गंमत दुसऱ्या पिनेत आहे. एका बाजूचं भोक गोल आणि दुसऱ्या बाजूचं लांबट ठेवतात. गोल भोक जागा धरतं. लांबट भोक पेटीला फिरू देत नाही, पण अंतरातला थोडा फरक सोसतं.

बोर्डाला हेच लावलं. आधी एक बाजू पूर्ण कोरून घ्यायची. तोवर मागच्या तांब्यावर रंग फासलेला असावा, म्हणजे कोरणारं द्रावण, फेरिक क्लोराइड, ते खात नाही. मग दोनच भोकं पाडायची, एक बोर्डाच्या मध्याजवळ आणि एक कोपऱ्यात. रंग पुसून दुसऱ्या बाजूचा कागद घ्यायचा. तो छापील अंगानं टोचायचा, पॅडचा मध्य तिथूनच दिसतो. मधलं भोक टाचणीला घट्ट. कोपऱ्यातलं मात्र मधल्याच्या दिशेनं ब्लेडनं किंचित लांबवायचं. टाचण्या पाठीमागून घालून बोर्डात उतरवायच्या, इस्त्रीचं टोक टेकवून कागद चिकटला की उपसायच्या आणि मगच पूर्ण इस्त्री फिरवायची. कोरलेली बाजू आता रंगानं झाकून दुसरी कोरायची.

घट्ट पिन मध्यात का? लेझर प्रिंटरच्या उष्णतेनं कागदातला ओलावा उडतो, कागद आकसतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात तर रीम आधीच मऊ पडलेली असते. १०० मिमीला अर्धा टक्का आकसला, तर कोपऱ्यातून मोजून दुसऱ्या टोकाला चूक ०.५ मिमी, म्हणजे पॅडबाहेर. मध्यातून मोजली तर दोन्हीकडे ०.२५, आणि भोक पॅडातच राहतं. दोन्ही आर्टवर्क एकाच कागदावर, एकाच दिशेनं छापली तर ती बहुधा सारखीच आकसतात. वरच्या बाजूचं मात्र आरशातल्यासारखं उलटं छापायला विसरू नका. मी एकदा विसरलोय.

घरी भोकांच्या आत तांबं चढत नाही, म्हणून तारेचे तुकडे घालून दोन्हीकडून सोल्डरचा डाग द्यावा लागतो. त्याआधी मी बोर्ड उजेडासमोर धरतो: फायबरमधून मागचे ट्रॅक सावलीसारखे दिसतात, आणि प्रत्येक भोकाभोवती दोन कडी एकीवर एक.