खोल समुद्रातल्या रेक डाइव्हसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी माहिती

नौदलातून 2024 मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवण्याची योजना जाहीर झाली आणि बुडालेली जहाजं पाहण्याबद्दल आपल्याकडे विचारणा वाढली. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: अर्ज कुठे करायचा? थेट ‘रेक डाइव्ह’साठी, म्हणजे बुडालेल्या जहाजापर्यंतच्या डाइव्हसाठी, भरायचा असा एक फॉर्म नसतो. टप्प्याटप्प्याने प्रमाणपत्रं घ्यावी लागतात. ती पॅडी, एसएसआय अशा डायव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था देतात आणि अर्ज त्यांच्याशी संलग्न डाइव्ह सेंटरमध्ये करायचा असतो. खालचे आकडे पॅडीचे आहेत, इतर संस्थांचे नियम थोडे वेगळे असतात.

आधी एक गैरसमज दूर करू. मालवणला बोटीवरून उतरून प्रशिक्षकाने धरून केलेला डाइव्ह म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. तो अनुभव सुंदर असतो, पण त्या वेळी हवा, खोली, दिशा सगळं दुसरा माणूस सांभाळत असतो.

पात्रता

पहिला टप्पा ओपन वॉटर, मर्यादा 18 मीटर. न थांबता 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं आधाराशिवाय तरंगणं जमलं पाहिजे. वेळेची अट नाही. ठाण्यात किंवा वाशीत 25 मीटरच्या तलावात सराव करत असाल, तर आठ वेळा समोरचं टोक गाठायचं. थिअरी घरी ऑनलाइन करता येते. समुद्रातले चार डाइव्ह मात्र तारकर्ली, गोवा, कर्नाटकातलं नेत्राणी बेट किंवा अंदमानला जाऊन करावे लागतात.

पुढे अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर: पाच डाइव्ह, मर्यादा 30 मीटर. त्यानंतर डीप डायव्हर आणि रेक डायव्हर हे स्वतंत्र कोर्स. दोन्हींना वय किमान 15 आणि प्रत्येकी चार डाइव्ह लागतात. डीपनंतर 40 मीटरपर्यंत जाता येतं आणि हौशी डायव्हिंगची सीमा तिथे संपते.

कागदावर हे सगळं एका मोठ्या सुट्टीत उरकता येतं. तसं करू नका, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. नियमातला आकडा कोर्सला बसण्यापुरता असतो, जहाजात शिरण्यासाठी तो पुरत नाही.

कागदपत्रं

फोटो असलेलं ओळखपत्र, आधीच्या प्रमाणपत्राचं कार्ड (मोबाइलवरचं चालतं), जबाबदारीचं संमतिपत्र, अठराच्या आतल्यांसाठी पालकांची सही आणि मेडिकल फॉर्म. यातला मेडिकल फॉर्म सर्वांत महत्त्वाचा. त्यात सुरुवातीला दहा प्रश्न असतात. सगळ्यांना ‘नाही’ म्हणता आलं तर डॉक्टरांची गरज नाही. एखाद्याला ‘हो’ असेल तर पुढचे उपप्रश्न येतात आणि बऱ्याचदा डॉक्टरांची सही लागते. ही सही घरून निघण्याआधीच घ्या, कारण किनाऱ्यावर रविवारी सकाळी डॉक्टर शोधत फिरण्यात ट्रिप वाया जाते.

दमा लपवून ‘नाही’ लिहिणारे लोक असतात. 10 मीटरवरून वर येताना छातीतली हवा दुप्पट फुगते. ती फुप्फुसात अडकली तर इजा जिवावर बेतते. खरं लिहा.

लॉगबुक

सेंटरचा अनुभवी माणूस कार्ड पाहतो आणि लगेच लॉगबुक, म्हणजे केलेल्या डाइव्हची नोंदवही मागतो. प्रत्येक डाइव्हची तारीख, ठिकाण, कमाल खोली, वेळ, दृश्यमानता, टाकीतल्या हवेचा सुरुवातीचा आणि शेवटचा दाब (तो ‘बार’मध्ये मोजतात), आणि सोबत्याची किंवा प्रशिक्षकाची सही. बारचे आकडे कधी गाळू नका, कारण तुमचा हवेचा खप त्यांवरूनच कळतो.

उदाहरण घ्या. 11 लिटरची टाकी 200 बारला भरली की 2200 लिटर हवा. 50 बार राखून ठेवले तर हाती 1650 लिटर उरते. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागणाऱ्या माणसाला 30 मीटरवर, तिथला दाब चौपट असल्यामुळे, चौपट म्हणजे 80 लिटर लागते. हिशोब 20 मिनिटांवर येतो आणि त्यातच वर येणंही धरायचं. घाबरलात, धाप लागली, तर तेवढीही मिळत नाहीत. शिवाय त्या खोलीवर नायट्रोजनची गुंगी जाणवू लागते, साधा गेज वाचायलाही वेळ लागतो. म्हणून हातांचा आधार न घेता एका जागी स्थिर राहणं, गाळ न उडवता बेडकासारखे पाय मारणं आणि मास्क काढून परत लावणं आधी उथळ पाण्यात अंगवळणी पडू द्या. जहाजाच्या आत एका चुकीच्या पायाने उडालेला गाळ बाहेरची वाट झाकून टाकतो.

आत शिरण्यासाठीही मर्यादा आहे: पृष्ठभागापासूनची खोली आणि आतलं अंतर मिळून 40 मीटर, तेही बाहेरचा उजेड दिसतो तिथपर्यंतच. तांबड्या समुद्रातलं थिसलगॉर्म हे जहाज (बुडालं 1941) साधारण 30 मीटरवर आहे, म्हणजे टप्प्यात. श्रीलंकेत बट्टिकलोआजवळचं हर्मिस (1942) 53 मीटरवर, ते टेक्निकल डायव्हिंगचं, म्हणजे हौशी मर्यादेपलीकडच्या डायव्हिंगचं काम. त्याची पहिली पायरी टेक 40 हा कोर्स. तिथे वय 18, किमान 30 नोंदलेले डाइव्ह आणि त्यांतले 10 नायट्रॉक्सवर (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेवर) 18 मीटरपेक्षा खोल असावे लागतात. इथे लॉगबुक नसेल तर अर्ज पुढे जात नाही.

विमा आणि परतीचं तिकीट

प्रवास विम्यात डायव्हिंगची खोली किती धरली आहे ते वाचा, नाहीतर डायव्हिंगसाठीचा वेगळा विमा घ्या. एकापेक्षा जास्त डाइव्ह केले असतील तर किमान 18 तास विमान नको. कोकण रेल्वेने ठाण्याला किंवा पनवेलला येणं सोपं, पण आंबोलीमार्गे कोल्हापूर करून गाडीने परतायचा बेत असेल तर थांबा. आंबोली जवळपास 690 मीटर उंचीवर आहे आणि विमानासारखाच तिथेही हवेचा दाब कमी असतो. डाइव्हच्या दिवशी घाट चढू नका, मुक्काम किनाऱ्यावरच करा.