पुण्याच्या नदीकाठची धावण्याची वाट: तीनशे वर्षांची पार्श्वभूमी

पुण्यात पहाटे धावायला बाहेर पडणाऱ्यांच्या टेकड्या ठरलेल्या आहेत. पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी. मुठेच्या काठाने धावणाऱ्यांची वाट मात्र तुकड्यातुकड्यांची आहे. डेक्कनहून लकडी पूल ओलांडायचा, नारायण पेठेतून ओंकारेश्वर, तिथून शनिवारवाडा, मग ‘नवा पूल’ म्हणतात त्या शिवाजी पुलावरून पलीकडे आणि मुळा-मुठा जिथे मिळतात त्या संगमाच्या अंगाने थेट बंडगार्डन. मध्येच पदपथ संपतो, मध्येच बाग लागते, कुठे नदीपात्रात उतरावं लागतं. कुणी एकाने बसून आखलेली ही वाट नाही. पेशवाई, इंग्रजांची छावणी, पानशेतचा पूर आणि वरची धरणं यांच्यामुळे जी जागा मोकळी राहिली, ती जोडत जोडत लोकांनी ती पाडली. नदीकाठाबद्दल आज जे वाद चालले आहेत, ते समजून घ्यायचे तर हा इतिहास माहीत हवा.

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली आणि दोन वर्षांनी वास्तुशांत. वाडा नदीपासून हाकेच्या अंतरावर. पेठा वाढल्या त्या मुठेच्या एकाच बाजूला. पलीकडे भांबुर्डे गाव, शेतं आणि पाताळेश्वराची लेणी. पानिपतानंतर, १७६१ मध्ये, नानासाहेब पेशव्यांनी नदीवर लाकडाचा पूल बांधला. हरून परतणाऱ्या सैनिकांना भर वस्तीतून मान खाली घालून यावं लागू नये म्हणून तो बांधला, असं जुने पुणेकर सांगत आले आहेत. लाकूड केव्हाच गेलं, पूल दगडी झाला, पण लोकांच्या तोंडी तो आजही लकडी पूलच आहे.

त्या काळी नदीकाठ होता घाटांचा, देवळांचा, आंघोळी आणि धुण्याचा. व्यायाम व्हायचा तालमीत, लाल मातीत. लांबवर पळायचं ते निरोप पोचवणाऱ्या जासुदांनी. ते त्यांचं पोटापाण्याचं काम होतं.

धावणं हा खेळ म्हणून पुण्यात रुजला, त्याचं एक मोठं पान लकडी पुलाच्या पलीकडे लिहिलं गेलं. १९०६ साली तिथे डेक्कन जिमखाना स्थापन झाला. १९१९ मध्ये जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा पाहायला सर दोराबजी टाटा आले होते. धावपटू बहुतेक शेतकरी घरांतले, पायांत काही नाही, प्रशिक्षण म्हणावं असंही काही नाही. तरी त्यांच्या वेळा पाहून दोराबजी थक्क झाले. ही माणसं युरोपातल्या धावपटूंच्या पंक्तीला बसतील, असं त्यांच्या मनाने घेतलं. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांचा पाठिंबा त्यांनी मिळवला आणि पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा छोटा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. शंभर वर्षांपूर्वी, परक्या देशातल्या परक्या हवेत हा क्रमांक लहान नव्हे. एवढी मोठी गोष्ट या मैदानातून निघाली आणि ती पुण्यातल्या धावणाऱ्यांनाही फारशी ठाऊक नसते, याचं मला वाईट वाटतं. जिमखान्यावर रोज शेकडो माणसं बुटांच्या नाड्या बांधतात; तिथे ही हकिगत सांगणारा एक ठळक फलक हवा.

या हकिगतीचा एक धागा पुढे शनिवारवाड्याजवळ सापडतो. वाड्याकडून शिवाजीनगरला जाणारा दगडी कमानींचा पूल १९२३ चा. त्याला तेव्हा नाव दिलं गेलं ते याच गव्हर्नर लॉईडचं. आज तो छत्रपती शिवाजी पूल आहे, पण पेठांतली माणसं शंभर वर्षांनंतरही त्याला ‘नवा पूल’च म्हणतात.

संगमाच्या पुढचा इतिहास वेगळा, कारण तो छावणीचा. कॅम्पला पाणी मिळावं म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सर जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला. त्या ‘बंड’शेजारची बाग म्हणून बंडगार्डन, कागदोपत्री आज ते महात्मा गांधी उद्यान. बंधाऱ्याने पाणी अडलं, संथ झालं आणि साहेबलोकांना नौकाविहार सुचला. १८६८ मध्ये रॉयल कॅनॉट बोट क्लब निघाला, बोट क्लब रस्त्याचं नाव त्यावरूनच. त्याच सुमारास बागेला लागून फिट्झगेराल्ड पूल उभा राहिला. दोन्ही टोकांना सिंहांचे पुतळे असलेला हा पूल १९६१ च्या पुरातही टिकला. आता त्यावरून वाहनं जात नाहीत, त्यामुळे पूर्वेकडच्या धावणाऱ्यांना गाड्यांची भीती नसलेला हा तुकडा लाभला आहे. पाणी आणि पुढे सलीम अली अभयारण्याची झाडी, असं पुण्याच्या नदीकाठी दुसरीकडे क्वचितच मिळतं.

मधल्या भागाचं रूप मात्र ठरवलं १२ जुलै १९६१ या एका दिवसाने. पानशेतच्या मातीच्या धरणाचं काम पूर्ण होण्याआधीच त्यात पाणी साठवलं गेलं. भिंत खचायला लागल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण धरण वाचलं नाही. त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फुटलं. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार या पेठांच्या नदीलगतच्या भागात वाडेच्या वाडे कोसळले, लकडी पूल पाण्याखाली गेला. घरं गेलेल्यांना गोखलेनगर, लोकमान्यनगर, पर्वती, सहकारनगर अशा ठिकाणी नव्याने उभं राहावं लागलं. ओंकारेश्वराच्या आसपास आज धावताना जुन्या वाड्यांऐवजी इमारती, मोकळ्या जागा आणि वर्तक बागेसारखी हिरवळ दिसते, ती पाहताना हा पूर विसरता येत नाही.

पुढे पानशेत पुन्हा बांधलं गेलं, वरसगाव आणि टेमघरची भर पडली. पाणी वरच अडल्यामुळे शहरातली मुठा वर्षातले बरेच महिने एका चिंचोळ्या नाल्यात मावते आणि बाजूचं पात्र कोरडं उरतं. शहराने मग ते पात्र वापरायला घेतलं. आधी पायवाटा, मग पात्रातला रस्ता, बाबा भिडे पूल, वाहनतळ, अलीकडे काठाने मेट्रोचे खांब. संभाजी बागेतल्या फेऱ्या संपवून पात्रात उतरणाऱ्यांची वाट यातूनच आली.

या वाटेचं वेळापत्रक खडकवासल्याच्या हातात असतं. जुलै-ऑगस्टमध्ये धरण भरलं की विसर्ग वाढतो, भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातलं धावणं बंद. पाणी ओसरलं की रस्त्यावर घोटाभर गाळ असतो, कठड्यांना जलपर्णी, चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या असतात. उन्हं वर येईपर्यंत सांडपाण्याचा वास इतका तीव्र होतो की लांब श्वास घेववत नाही. नदीकाठच्या धावण्याबद्दल बोलायचं तर हा वास वगळून बोलणं खोटं ठरेल.

शहरात धावण्याला सार्वजनिक प्रतिष्ठा मिळाली ती १९८३ मध्ये पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाल्यावर. पण शर्यत रस्त्यांवरची. रोजच्या सरावासाठी काठाने सलग, सुरक्षित वाट करावी, असा विचार त्यानंतरही कित्येक वर्षं झाला नाही.

तो आता झाला आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर काठांच्या सुशोभीकरणाच्या प्रकल्पाचं भूमिपूजन ६ मार्च २०२२ ला झालं आणि सुरुवातीची कामं बंडगार्डनच्या परिसरात निघाली. काठाने चालण्या-धावण्याची अखंड वाट हे त्याचं मोठं आकर्षण. झाडं तुटणार म्हणून एप्रिल २०२३ मध्ये लोकांनी नदीकाठी चिपको आंदोलनही केलं. पुराची पातळी वाढणार नाही, असं महापालिकेचं म्हणणं; भराव आणि बांधांनी पात्र आवळलं जाईल, असं विरोध करणाऱ्यांचं. नियमाने नदीला दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, असा संकेत. पण २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत विसर्गाचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा या रेषा कागदावर किती आणि जमिनीवर किती, हे सगळ्यांना दिसलं.

मला सलग वाट हवी आहे, मनापासून हवी आहे. डेक्कन ते बंडगार्डन एकदाही सिग्नलला न थांबता धावता यावं, असं कुठल्या धावणाऱ्याला वाटत नाही? पण ती मुरमाची असावी, काठावरची जुनी झाडं राखून असावी आणि पावसाळ्यात चार-सहा आठवडे पाण्याखाली जाणार हे धरूनच आखलेली असावी. तिच्यासाठी पात्रात भराव टाकू नये. सांडपाणी शुद्ध करण्याचं काम तिच्या आधी संपावं. आणि प्रत्येक टप्प्याचा नकाशा, त्यावर निळी आणि लाल रेषा दाखवून, काम सुरू होण्यापूर्वी त्या त्या पुलावर लोकांना पाहायला लावावा.