पार्श्वभूमी : पुण्यात इतक्या तऱ्हांचं संशोधन कसं रुजलं

शिवाजीनगरच्या शिमला ऑफिस चौकातून रोज हजारो पुणेकर जातात. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, त्याच्यासाठी मनोऱ्याची दगडी इमारत उभी राहिली आणि लोक तिला ‘शिमला ऑफिस’ म्हणू लागले. नाव आजही तेच आहे. या चौकातून रिक्षा केली तर महाभारताची हस्तलिखितं, देशातल्या दारिद्र्याची पहिली ठळक मोजदाद करणारी संस्था, रसायनांची प्रयोगशाळा आणि दीर्घिकांचा अभ्यास करणारं केंद्र, सगळं अर्ध्या तासाच्या टप्प्यात येतं.

हे कुणी एका बैठकीत आखलेलं नाही. संस्था वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या पैशावर, कधी भांडणातून तर कधी एकट्यादुकट्याच्या हट्टातून निघाल्या. मात्र त्यांच्या इतिहासात मला एक गोष्ट सारखी दिसते. इथलं भरीव काम बहुतेकदा अशा माणसांच्या हातून झालं, ज्यांचं शिक्षण एका शाखेत झालं होतं आणि ज्यांना आयुष्यभराचा प्रश्न भलत्याच शाखेत सापडला.

सुरुवात दक्षिणेच्या पैशापासून करावी लागते. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा मूळ तळेगावच्या सेनापती दाभाड्यांची. पुढे ती पेशव्यांकडे आली आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाच्या आवारात हा समारंभ होऊ लागला. दूरदूरचे शास्त्री-पंडित येत आणि रक्कम घेऊन परतत. १८१८ साली पेशवाई गेली. ही प्रथा एकाएकी तोडली तर असंतोष माजेल हे मुंबईचा इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टनने ओळखलं आणि दक्षिणेच्या रकमेतला काही भाग वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात पाठशाळा उघडली. प्रवेश सुरुवातीला ब्राह्मण मुलांनाच होता. याच पाठशाळेचं पुढे पूना कॉलेज झालं, १८६४ साली डेक्कन कॉलेज हे नाव मिळालं आणि सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून येरवड्याला तिची इमारत उभी राहिली.

पण खरा वाद पुढे पेटला. १८४९ साली गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आणि त्यांच्या साथीदारांनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेचा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. पुण्यातली सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांच्या अंगावर कुणी जाऊ नये म्हणून जोतीराव फुल्यांनी माणसं जमवून त्यांना संरक्षण दिलं. अर्ज मान्य झाला, दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर याच निधीतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर दोघेही दक्षिणा फेलो होते. दानाच्या पैशाची संशोधनवृत्ती झाली ती अशी, आणि ती होण्यासाठी फुल्यांच्या माणसांना उभं राहावं लागलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुण्याच्या विद्वत्तेची गोष्ट सांगताना ही बाजू बहुधा गळते.

इतिहासाचार्य राजवाड्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. दप्तरं शोधत गावोगाव पायपीट करणाऱ्या या माणसाने १९१० साली खंडेराव चिंतामण मेहेंदळ्यांसह भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. कागदाशिवाय इतिहास लिहायचा नाही ही शिस्त मराठीत त्यांच्यामुळे आली.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था ६ जुलै १९१७ रोजी, भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी सुरू झाली. डेक्कन कॉलेजात जमा झालेला सरकारी हस्तलिखितांचा मोठा संग्रह तिच्याकडे आला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं गेलं. काम काय होतं हे समजून घेण्यासारखं आहे. महाभारताची हस्तलिखितं काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत पसरलेली, आणि कुठलीही दोन पोथ्या तंतोतंत सारख्या नाहीत. त्यामुळे एकेक श्लोक घ्यायचा, पोथीगणिक त्याचे पाठ उतरवायचे, कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरली असावी याची वंशावळ मांडायची आणि त्यावरून जुन्यात जुना पाठ ठरवायचा. शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही पोथ्या ताडून पाहण्याचं काम चाले. एकूण १२५९ हस्तलिखितं पाहिली गेली.

१९२५ साली हे काम विष्णु सीताराम सुखठणकरांकडे आलं आणि त्याला पद्धत मिळाली. सुखठणकर मूळचे गणिताचे विद्यार्थी, केंब्रिजला गणित शिकलेले. तिथून ते बर्लिनला गेले आणि संस्कृतकडे वळले. आदिपर्वाची त्यांची प्रस्तावना वाचताना हा माणूस गणितातून आला आहे हे जाणवत राहतं. आधी पुरावा, मग नियम, मग अपवाद. आवडीनिवडीला जागा नाही. आपल्याला प्रिय असलेली एखादी कथा जुन्या पोथ्यांत नसेल तर तिला मुख्य पाठातून काढून खाली टिपेत ठेवायचं, हे धैर्याचं काम होतं. १९४३ साली ते गेले. बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य यांनी काम पुढे नेलं. १९६६ साली १९ खंडांत ते पूर्ण झालं. सत्तेचाळीस वर्षं!

आता दुसरा धागा. गावातला शेतकरी कसा जगतो हा प्रश्न कुठल्याही संस्थेच्या आधी फुल्यांनी विचारला होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ सालचा. सरकारी अंमलदार, सावकार, भटभिक्षुक यांच्या कचाट्यात शेतकरी कसा नागवला जातो हे त्यांनी पाहून लिहिलं, पण मोजमापाची साधनं त्यांच्याकडे नव्हती. मोजमाप केलं ते हॅरॉल्ड मान यांनी. मान रसायनशास्त्रज्ञ. आसामात चहावर संशोधन करून ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झाले. शेताच्या मातीचं पृथक्करण करता करता ती माती कसणाऱ्या माणसाचा हिशेबही मांडायला हवा, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपळे सौदागर हे गाव घेतलं आणि घरोघर जाऊन जमीन, पीक, कर्ज, मजुरी यांची नोंद केली. अहवाल १९१७ साली निघाला. १७७१ साली गावातली सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. आज पिंपळे सौदागरला उंच सोसायट्या आहेत. तिथे राहणाऱ्यांनी हा अहवाल एकदा जरूर वाचावा. भारतातल्या ग्रामीण पाहण्यांच्या अगदी सुरुवातीच्या पाहण्यांपैकी एक त्यांच्याच पायाखालच्या जमिनीवर झाली.

याच काळात विठ्ठल रामजी शिंदे संस्थांच्या बाहेर राहून संशोधन करत होते. अस्पृश्यांसाठी काम करणाऱ्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या कामासाठी देशभर फिरताना त्यांनी जे पाहिलं, ऐकलं, ताडून घेतलं, त्यातून १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ झाला. समाजशास्त्राच्या मराठी वाटचालीत या ग्रंथाला पहिल्या रांगेत जागा मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

अर्थशास्त्राची गोखले संस्था १९३० सालची. रावबहादूर रा. रा. काळे यांची देणगी, भारत सेवक समाजाची जागा आणि ग्रंथालय, आणि पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. गाडगीळांनी अर्थशास्त्र मंडईत नेलं. संस्थेच्या पहिल्या कामांपैकी एक होतं ते पुण्यातल्या फळांच्या व्यापाराची पाहणी. पुढे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांनी नक्की किती लाभ झाला याचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. धरणाचा फायदा पाणीपट्टीच्या वसुलीवर जोखायचा की त्या पाण्याने सगळ्या परिसराचं उत्पन्न किती वाढलं त्यावर, हा त्यातला कळीचा मुद्दा. थोड्याच काळात प्रवरेच्या त्याच पट्ट्यात लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याचे अध्यक्ष गाडगीळच होते. १९७१ साली याच संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचं दारिद्र्यावरचं काम आलं. माणसाला रोज २२५० उष्मांक मिळतील इतका खर्च ही त्यांची रेषा. १९६०-६१ साली ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के लोक तिच्याखाली होते. दांडेकर संख्याशास्त्राचे, रथ अर्थशास्त्राचे, आणि उष्मांक आहारशास्त्राचे. ‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द आज रेशनकार्डापर्यंत पोचला आहे.

डेक्कन कॉलेज १९३४ साली सरकारने बंद केलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, लढले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. त्या बंद दारामुळे एक वेगळी रचना शक्य झाली. भाषाशास्त्र, पुरातत्त्व आणि समाजशास्त्र एकाच आवारात आले. इरावती कर्वे बर्लिनला कवट्यांच्या मोजमापावर प्रबंध लिहून आल्या होत्या आणि इथे नातेसंबंधांच्या अभ्यासाकडे वळल्या. पुरातत्त्वज्ञ हसमुख धीरजलाल सांकळियांबरोबर त्या गुजरातेत लांघणजच्या उत्खननावर गेल्या, जिथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे सापडले. पुढे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात १९६८ ते १९८३ असं उत्खनन चाललं. जळके दाणे वनस्पतिशास्त्र जाणणारे पाहत, हाडं प्राणिशास्त्र जाणणारे. तीन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रातला शेतकरी काय पेरत होता आणि काय खात होता, हे त्यातून कळलं.

शाखा ओलांडणाऱ्यांत सर्वांत पुढे दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात कोसबेनला जन्म, वडील पालीचे पंडित. दामोदर फर्ग्युसनमध्ये आणि नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित शिकवत, संशोधन करत. चलनात नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, मग वजनावरून ते किती काळ फिरलं हे काढता येईल का? हे तपासायला त्यांनी हजारो नाणी तराजूवर तोलली आणि मगच प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांकडे वळले. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांचीच. सुट्टीत ते पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर दगडी हत्यारं आणि म्हसोबाची, आयांची ठाणी शोधत हिंडत. गणित, नाणी, भर्तृहरी, म्हसोबा, हे त्यांच्या लेखी वेगळे विषय नव्हते.

स्वातंत्र्याच्या आसपास निसर्गविज्ञानाच्या संस्था भराभर आल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकरांनी १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी काढली, ती आजची आघारकर संशोधन संस्था. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन नेहरूंनी ३ जानेवारी १९५० रोजी केलं. विषाणू संशोधन केंद्र १९५२ सालचं. पावसाळ्याचा अभ्यास करणारी संस्था १९६२ साली निघाली, खगोलशास्त्राचं केंद्र आयुका १९८८ साली जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली, तीही द्राक्ष-टोमॅटोच्या शेतांमध्ये. यातल्या प्रत्येकीवर वेगळा लेख व्हावा.

येरवड्याला डेक्कन कॉलेजात एक खोली अशी आहे जिथे हे सगळे विषय एकत्र बसलेले दिसतात. १९४८ साली सु. मं. कत्रे यांनी संस्कृत शब्दांचा इतिहासक्रमाने कोश हाती घेतला. वेद, व्याकरण, गणित, वैद्यक, वास्तुशास्त्र, पशुचिकित्सा अशा ६२ ज्ञानशाखांमधले सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्दांच्या चिठ्ठ्या तयार केल्या गेल्या. त्यांची संख्या जवळजवळ एक कोटी आहे. लोखंडी कपाटांच्या खणांमध्ये त्या अक्षरवारीने लावलेल्या आहेत. कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यानंतर तिसाहून अधिक खंड आले आहेत, आणि काम अजून ‘अ’ या अक्षरावर सुरू आहे.