ऑस्ट्रेलियाचा ४९४ व्हिसा : प्रादेशिक भागातील नोकरीसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळता उरलेला ऑस्ट्रेलिया तिथल्या स्थलांतर नियमांत ‘प्रादेशिक’ धरला जातो. पर्थ, ॲडलेड, कॅनबेरा, होबार्ट, गोल्ड कोस्ट ही शहरेही त्यात येतात. त्यामुळे प्रादेशिक म्हटले की आडरानातली नोकरी, असा अर्थ लावण्याचे कारण नाही. अशा भागातील उद्योगाला स्थानिक कुशल माणूस मिळत नसेल, तर परदेशी कामगाराला पुरस्कृत (स्पॉन्सर) करून पाच वर्षांसाठी नेमता येते. त्यासाठीचा ४९४ क्रमांकाचा व्हिसा १६ नोव्हेंबर २०१९ पासून लागू आहे. त्याआधीचा १८७ क्रमांकाचा व्हिसा थेट कायम निवास देत असे. ४९४ मात्र तात्पुरता आहे आणि कायम निवासाचा अर्ज त्यावर किमान तीन वर्षे काढल्यानंतरच करता येतो.

या प्रक्रियेत तीन मंजुऱ्या लागतात आणि त्यांपैकी पहिल्या दोन नियोक्त्याच्या नावावर असतात. आपल्याकडचे बहुतेक उमेदवार सुरुवात करतात ती स्वतःच्या प्रमाणपत्रांपासून आणि इंग्रजीच्या परीक्षेपासून. माझ्या मते आधी तपासायला हवा तो नियोक्ता आणि त्याने देऊ केलेले पद, कारण नामांकन, म्हणजे त्या पदासाठी नियोक्त्याने केलेला अर्ज, नाकारले गेले तर उमेदवार कितीही पात्र असला तरी त्याचा व्हिसाही नाकारला जातो.

पहिली मंजुरी नियोक्त्याला पुरस्कर्ता म्हणून मिळते. त्याचा उद्योग कायदेशीर आणि प्रत्यक्ष चालू असावा लागतो. कुशल कामगारांच्या ४८२ क्रमांकाच्या तात्पुरत्या व्हिसासाठी ज्याला ही मान्यता आधीच मिळालेली आहे आणि तिची मुदत शिल्लक आहे, त्याला ती पुन्हा घ्यावी लागत नाही. दुसरी मंजुरी विशिष्ट पदाच्या नामांकनाची. ते पद प्रादेशिक भागातले, पूर्णवेळ आणि किमान पाच वर्षे टिकण्याची शक्यता असलेले हवे. त्या पदाचा व्यवसाय (म्हणजे पेशा) सरकारी यादीत असावा. स्थानिक उमेदवारांसाठी किमान २८ दिवस जाहिराती दिलेल्या असाव्यात. आणि देऊ केलेल्या पगाराबाबत त्या भागासाठी नेमलेल्या प्रादेशिक प्रमाणन संस्थेचे मत घेतलेले असावे. पगार स्थानिक बाजारदराइतका तर हवाच, शिवाय ठरवून दिलेल्या किमान रकमेपेक्षा कमी चालत नाही. १ जुलै २०२५ ला ही रक्कम वर्षाला ७६,५१५ ऑस्ट्रेलियन डॉलर झाली आणि निवृत्तिवेतन निधीतला नियोक्त्याचा वाटा तिच्यात मोजला जात नाही. ती दर जुलैत वाढते, म्हणून नियुक्तिपत्रातला आकडा नामांकनाच्या तारखेला लागू असलेल्या रकमेशी ताडून पाहावा.

तिसरी मंजुरी उमेदवाराच्या व्हिसाची. त्याचे वय अर्जाच्या दिवशी ४५ पेक्षा कमी असावे लागते. यातून ठरावीक गटांनाच सूट आहे. त्याच व्यवसायातला, त्याच कौशल्यपातळीचा किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव हवा. इंग्रजीत आयईएल्ट्सच्या चारही भागांत किमान ६ गुण किंवा मान्य असलेल्या दुसऱ्या परीक्षेत त्या तोडीचे गुण लागतात. याशिवाय त्या व्यवसायासाठी नेमलेल्या संस्थेकडून स्किल असेसमेंट, म्हणजे कौशल्याची तपासणी, अनुकूल यावे लागते : अभियंत्यांसाठी इंजिनीअर्स ऑस्ट्रेलिया, संगणक क्षेत्रासाठी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी, फिटर किंवा वेल्डरसारख्या कारागिरांसाठी ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया. परीक्षेचा निकाल आणि असेसमेंट हे दोन्ही अर्ज भरताना हातात असले पाहिजेत. मागाहून पाठवतो, असे इथे चालत नाही. स्थानिक प्रशासनाशी झालेल्या विशेष कराराखालून येणाऱ्यांना वय, इंग्रजी किंवा पगारात काही सवलत मिळू शकते, पण ती त्या करारात लिहिलेली असेल तेवढीच.

सर्वांत जास्त काळजी अनुभवाच्या पुराव्याची घ्यावी. आपल्याकडच्या कंपन्या सहसा ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरीस होते, वर्तणूक चांगली’ एवढ्याच मजकुराचा दाखला देतात आणि तो पुरत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर हुद्दा, रुजू झाल्याची व नोकरी सोडल्याची तारीख, आठवड्याचे कामाचे तास, पगार आणि प्रत्यक्ष कामाचे तपशीलवार वर्णन असावे, आणि खाली सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा व संपर्क असावा. फिटरने केवळ ‘देखभाल विभागात काम केले’ असे लिहून न घेता कोणती यंत्रे उघडली, पंपाचे बेअरिंग बदलणे, शाफ्टची जुळणी करणे, नकाशा वाचून भाग बसवणे यांतले स्वतः काय काय केले, ते लिहून घ्यावे. चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यांत कंत्राटदाराच्या हजेरीपटावर राबलेल्या कामगारांची अडचण आणखी वेगळी असते : काम एका कंपनीत आणि पगारपत्रक दुसऱ्याच्या नावाचे. अशा वेळी कंत्राटदाराचा दाखला, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, पगार जमा झालेले बँक खात्याचे उतारे आणि फॉर्म १६ हे सगळे एकत्र लावून, शक्य झाल्यास मूळ कंपनीकडूनही कामाचे पत्र घ्यावे. शिकाऊ उमेदवारीचा काळ या तीन वर्षांत धरला जाईल, असे गृहीत धरू नये.

नावांचा मेळ हीदेखील मराठी कुटुंबांची नेहमीची अडचण आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधार कार्डावर नंतर, पत्नीच्या पदवीवर माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे, असे असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत जोडावी आणि पूर्वीची सगळी नावे अर्जात नमूद करावीत. ग्रामपंचायतीचा केवळ मराठीतला जन्मदाखला असल्यास मूळ प्रतीसोबत इंग्रजी भाषांतर द्यावे, ज्यावर भाषांतरकाराचे नाव, पत्ता आणि पात्रता लिहिलेली असेल.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट कार्यालयामार्फत घ्यावे. गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात एकूण बारा महिने किंवा अधिक काळ राहिलो, त्या प्रत्येक देशाचे प्रमाणपत्र मागितले जाते. कोकणातून आखातात नोकरीला गेलेल्यांनी ते तिथून निघण्यापूर्वीच काढून ठेवलेले बरे. वैद्यकीय तपासणी ऑस्ट्रेलिया सरकारने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. जोडीदार आणि मुले याच अर्जात समाविष्ट करता येतात. अर्ज गृह खात्याच्या इमिअकाउंट या संकेतस्थळावर भरला जातो.

व्हिसा मिळाल्यावर प्रादेशिक भागातच राहणे, काम करणे आणि शिकणे बंधनकारक असते आणि ही अट कुटुंबीयांनाही लागू आहे. नोकरी सुटली तर एका वेळी जास्तीत जास्त १८० दिवस आणि व्हिसाच्या संपूर्ण मुदतीत एकूण ३६५ दिवस नव्या पुरस्कर्त्याच्या शोधासाठी मिळतात. १ जुलै २०२४ पूर्वी ही सवड फार तोकडी होती.

पैशांच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे. नामांकनासोबत भरायचा प्रशिक्षण निधी, म्हणजे वार्षिक उलाढाल एक कोटी डॉलरपेक्षा कमी असल्यास ३,००० आणि अन्यथा ५,००० डॉलर, हा नियोक्त्यानेच भरायचा असतो. तो कामगाराकडून वसूल करता येत नाही. पुरस्काराच्या बदल्यात पैसे मागणे आणि देणे, दोन्ही तिथल्या कायद्याने निषिद्ध आहे. ‘स्पॉन्सरशिपचे’ म्हणून कोणी लाखो रुपये मागत असेल, तर ते दिल्याने उमेदवार स्वतःही अडचणीत येतो. व्हिसाचे शुल्क, परीक्षा, असेसमेंट आणि वैद्यकीय तपासणी हा मात्र सहसा उमेदवाराचा खर्च असतो. सल्लागार घेतल्यास त्याचा ऑस्ट्रेलियातील अधिकृत नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि सरकारी नोंदवहीत तपासावा.

तीन वर्षांनंतर १९१ क्रमांकाच्या कायम निवासी व्हिसासाठी अर्ज करताना नियोक्त्याचे नवे नामांकन लागत नाही. तिथे पाहिले जाते ते अटी पाळल्या का, आणि तीन आर्थिक वर्षांची प्राप्तिकर आकारणीची पत्रे आहेत का. म्हणून पहिल्या वर्षापासून विवरणपत्र वेळेवर भरावे आणि प्रादेशिक भागातील भाडेकरार, वीजबिले व पगारपत्रके जपून ठेवावीत.